डेंग्यूनंतरची केसगळती आणि मोबाईलवरचा इलाज: माझ्या भाचीची पूर्ण केस

ही केस माझ्या भाचीची आहे, तिला विचारून आणि तिने सगळं वाचून ओके दिल्यावरच लिहितेय. वय २६, सावंतवाडीजवळच्या एका गावात आई-बाबा आणि आजीसोबत राहते, पतसंस्थेत नोकरी करते. मी तिची मावशी, ठाण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचे डोस इथे मिळणार नाहीत आणि तिचं बघून कोणी स्वतःवर प्रयोगही करू नका. लिहायचं कारण एवढंच की तिने केसांसाठी मोबाईलवरून दोन वेगवेगळ्या ठिकाणी मदत मागितली, पहिल्या ठिकाणी तिला खोकाभर सामान मिळालं आणि दुसऱ्या ठिकाणी निदान मिळालं. फोन तोच, नेट तेच, मुलगी तीच, फरक होता तो तिला काय विचारलं गेलं यात, आणि हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो कारण आपल्याकडे तालुक्याच्या गावात स्किनचा डॉक्टर रोज बसत नाही, कोल्हापूर गाठा नाहीतर गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला जा, मग लोक मोबाईलकडेच वळणार.

सुरुवात डिसेंबर २०२४ मध्ये झाली. आधी उशीवर केस, मग बाथरूमच्या जाळीत, मग कंगवा फिरवला की हातात. वेणी हाताला बारीक लागायला लागली असं ती म्हणायची. घाबरून तिने डोकं धुणंच कमी केलं, आठ-दहा दिवसांनी एकदा, आणि मग त्या एका दिवशी एवढा पुंजका यायचा की ती रडत बाहेर यायची. घरात स्थळं बघणं चालू होतं त्यामुळे आईचं टेन्शन वेगळं. शेजारच्या बायकांनी पाण्याला दोष दिला, बाबांनी मोबाईलला दिला, आणि आजी मात्र पहिल्या दिवसापासून एकच सांगत होती, ‘माका टायफॉईड झाल्लो तेव्हा माजे पण असेच केस गेल्ले, परत इले.’ आजीचं कोणी मनावर घेतलं नाही. पुढे डॉक्टरांनी जे सांगितलं ते जवळजवळ तेच होतं.

तर पहिला प्रयत्न. तिला इन्स्टावर केसांच्या टेस्टची जाहिरात दिसली, तिने ती टेस्ट दिली. प्रश्न होते वय, बाई की पुरुष, चित्रांपैकी तुमचे केस कुठल्या चित्रासारखे, कोंडा आहे का, झोप किती, ताण किती, घरात कोणाला टक्कल आहे का, आणि सध्या कुठला आजार आहे का. सध्या काहीच नव्हतं म्हणून तिने नाही वर टिक केलं, जे अगदी खरं होतं. शेवटी रिझल्ट आला की तुमची केसगळती दुसऱ्या स्टेजची आहे, पाच महिन्यांचा कोर्स लागेल, आणि पैसे भरल्यावर चार दिवसांत खोकं घरी. त्यात मिनॉक्सिडिल या डोक्याला लावायच्या औषधाची बाटली, बायोटिन या व्हिटॅमिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या, एक मल्टीव्हिटॅमिन, कसलंतरी चूर्ण, शाम्पू. सोबत डॉक्टरांचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर असलेलं प्रिस्क्रिप्शनही होतं पण त्या डॉक्टरांशी तिचं एक वाक्यही बोलणं झालेलं नव्हतं. फोन आला तो ‘हेअर कोच’ चा, आणि तो औषध वेळेवर लावताय ना एवढंच विचारत होता.

इथे नियम काय आहे ते सांगायलाच हवं. भारतात टेलिमेडिसिनच्या गाइडलाइन्स २५ मार्च २०२० ला आल्या, लॉकडाऊन लागला त्याच दिवशी. त्यांच्यानुसार नोंदणीकृत डॉक्टरनेच पेशंटशी सल्लामसलत करायची, आजाराची पुरेशी माहिती घेतल्याशिवाय औषध लिहायचं नाही, काही औषधांसाठी पहिली भेट व्हिडिओवरच व्हायला हवी, आणि एआयवर चालणाऱ्या प्लॅटफॉर्मने स्वतः पेशंटला सल्ला देणं किंवा औषध लिहून देणं चालत नाही. प्रश्नावलीत टिक मारल्या आणि औषध आलं हा प्रकार या नियमांच्या आत्म्यातच बसत नाही. कागदावर डॉक्टरचं नाव असणं आणि डॉक्टरने बघितलेलं असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि हे आपल्याला ठणकावून विचारता आलं पाहिजे.

मिनॉक्सिडिल लावायला लागल्यावर दोन आठवड्यांत गळणं अजून वाढलं. हे होऊ शकतं, ते औषध मुळात ब्लड प्रेशरच्या गोळीच्या रूपात आलेलं, त्यात लोकांच्या अंगावर केस वाढताना दिसले म्हणून पुढे डोक्याला लावायचं केलं, आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांत विश्रांतीत असलेले केस ते लवकर बाहेर ढकलतं. पण हे तिला कोणी आधी सांगितलेलंच नव्हतं. आपण टकले होतोय एवढंच तिला कळत होतं, तेव्हा तिने मला रात्री साडेअकराला फोन केला, ‘मावशी, माझं काय होणार गं.’

मी लॅबमधली बाई, मला पहिला सुचला तो रक्ताचा रिपोर्ट. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, व्हिटॅमिन डी, बी १२ एवढं करून घे म्हटलं आणि एका एमडी डर्मेटॉलॉजिस्टची व्हिडिओ अपॉइंटमेंट घेऊया म्हटलं. नाव ठरवण्याआधी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर रजिस्ट्रेशन बघितलं. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि प्रत्येकाने करावं, कारण ट्रायकॉलॉजिस्ट, हेअर एक्स्पर्ट, कॉस्मेटॉलॉजिस्ट अशा पाट्या लावून बसलेला प्रत्येक माणूस स्किनचा डॉक्टर असतोच असं नाही. नावापुढे एमडी स्किन, डीव्हीडी (स्किनचा डिप्लोमा) किंवा डीएनबी स्किन यातली कुठली डिग्री आहे ते बघा. ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारची ई-संजीवनी ही ऑनलाइन डॉक्टरांची सेवा आहे, ती मोफत आहे, आरोग्य उपकेंद्रातून तिथल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ताई जोडून देतात.

दुसरा प्रयत्न म्हणजे ही व्हिडिओ भेट, जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात. डॉक्टरांनी आदल्या दिवशीच निरोप पाठवलेला की फोटो असे पाठवा: केस धुतलेले आणि पूर्ण सुकलेले, तेल नको, खिडकीच्या उजेडात, मधला भांग पाडून वरून एक, दोन्ही कानशिलांचा एकेक, मागून एक, कपाळाची रेघ, आणि भुवयांचाही एक. भुवया कशाला असं तिच्या आईला वाटलं, पण थायरॉइडमध्ये आणि काही दुसऱ्या आजारांत भुवयाही विरळ होतात. गळलेले आठ-दहा केस पांढऱ्या कागदावर ठेवून जवळून फोटो, तोही मागितला. त्या केसांच्या मुळाशी छोटी पांढरी गाठ दिसत होती, म्हणजे केस मधून तुटलेला नाही, आयुष्य पूर्ण करून मुळापासून सुटलेला आहे.

कॉलवर कॅमेरा चालू झाल्यावर त्यांनी केसांबद्दल विचारलंच नाही. पहिला प्रश्न होता, ‘सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काय काय झालं तुमच्या घरात?’ ती गोंधळली. मग त्यांनी एकेक सोडवत नेलं, ताप, ऑपरेशन, बाळंतपण, गर्भपात, कडक डाएट, घरात मृत्यू, नवीन औषध. आणि ती म्हणाली, ‘हो, गणपती झाल्यावर डेंग्यू झालेला, सलाईन लागलेलं, प्लेटलेट उतरलेल्या.’ सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. तिने हे आधी कुठेच सांगितलं नव्हतं कारण तिच्या डोक्यात तो विषय ऑक्टोबरमध्येच संपला होता. ताप उतरला, ऑफिसला जायला लागली, केस तेव्हा एकदम छान होते, मग डिसेंबरच्या गळतीशी सप्टेंबरच्या तापाचा संबंध लावणार कसा?

संबंध असा आहे. डोक्यावर साधारण १ लाख केस असतात, त्यातले ८५ ते ९० टक्के वाढीच्या अवस्थेत असतात, ही अवस्था दोन ते सहा वर्षं चालते. उरलेल्यातले बरेचसे विश्रांतीत असतात आणि ही विश्रांती जवळपास तीन महिन्यांची. रोज ५० ते १०० केस गळणं हे या चक्राचंच काम. आता मोठा ताप आला, किंवा बाळंतपण झालं, की शरीर एकदम खूप केसांना वाढ थांबवून विश्रांतीत पाठवतं, ते केस तेव्हा गळत नाहीत, डोक्यावरच बसून राहतात, आणि दोन-तीन महिन्यांनी सगळे मिळून निघतात. याला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात. म्हणून केस गळायला लागले की आजचं कॅलेंडर बघून काही हाती लागत नाही, तीन महिने मागचं पान उघडावं लागतं. त्या ऑनलाइन टेस्टने ‘सध्या’ विचारलं आणि डॉक्टरांनी ‘तेव्हा’ विचारलं, या केसचं सगळं मर्म मला इथे दिसतं.

मग डॉक्टरांनी तिच्या आईला कामाला लावलं. अंगठा आणि दोन बोटांत साधारण ५०-६० केस धरायचे, मुळापासून टोकापर्यंत हळू ओढत न्यायचे, किती हातात येतात ते बघायचं, असं डोक्यावर चार ठिकाणी. सहापेक्षा जास्त आले तर गळती अजून चालू आहे असं धरतात. तिचे चारही ठिकाणी सात-आठ येत होते, म्हणजे सगळ्या डोक्यावर सारखं, एखाद्या जागी नाही. खाज, आग, पू, खपल्या काही नाही. चाईसारखा गोल गुळगुळीत ठिपका नाही. घट्ट अंबाडा किंवा ओढून बांधलेली वेणी रोज घालता का, हेही विचारलं. पाळीबद्दल नीट विचारलं, नियमित येते का, पॅड दिवसाला किती, चेहऱ्यावर केस किंवा पिंपल वाढलेत का, कारण पीसीओएस (बायकांमधला हार्मोनचा बिघाड) असेल तर वाट वेगळी. पाळी नियमित होती पण अंगावरून खूप जायचं, हे तिने स्वतःहून कधी कुणाला सांगितलं नसतं. आणि डेंग्यूनंतर कितीतरी दिवस पेज आणि मुगाच्या कढणावरच काढलेले, पुढे मार्गशीर्षाच्या महिन्यात मासे बंद.

आता रिपोर्ट, हा माझ्या कामाचा भाग म्हणून जरा जास्त लिहिते. हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन ९, म्हणजे अंगातला लोहाचा साठा जवळपास संपलेला. फेरिटिन म्हणजे घरातली कणगी, रोजचा भात शिजतोय तोवर ती रिकामी होत चाललीय हे कळत नाही. बायकांमध्ये हे इतकं सर्रास आहे की २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. एक गोष्ट लक्षात ठेवा, तापात किंवा शरीरात कुठेही सूज असताना फेरिटिन खोटं वर जातं, डेंग्यूत तर खूपच चढतं, त्यामुळे आजारपणात केलेल्या फेरिटिनवर विसंबू नका, बरं झाल्यावर करा.

पण खरा घोळ थायरॉइडचा होता. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) खाली, फ्री टी४ (थायरॉइड स्वतः बनवतं ते हार्मोन) वर, म्हणजे कागदावर थायरॉइड जास्त चालतंय असं चित्र, आणि थायरॉइड बिघडलं की केस गळतातच, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटलं सापडलं कारण, लोकल डॉक्टरकडून गोळ्या सुरू करूया. मला ते बघून पहिली शंका आली ती खोक्यातल्या बायोटिनची, आणि व्हिडिओवर डॉक्टरांनीही मी बोलायच्या आधी तेच विचारलं. बऱ्याच मशीनवरच्या हार्मोनच्या टेस्ट बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाच्या प्रोटीनच्या एकमेकांना चिकटण्यावर चालतात. रक्तात बाहेरून घेतलेलं भरपूर बायोटिन असलं की ते मधे घुसतं आणि टीएसएच खोटं कमी, टी४ खोटं जास्त दाखवतं. हार्ट अटॅकच्या ट्रोपोनिन टेस्टमध्येही हे होऊ शकतं, अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिलेला. शरीराला रोज लागतं ते काही मायक्रोग्रॅम, आणि या गोळीत १० मिलिग्रॅम. साधारण आहार असलेल्या माणसात बायोटिनची कमतरता फार क्वचित असते, तरी केसांच्या प्रत्येक खोक्यात ते असतंच. तिने बायोटिन बंद केलं, आठवड्याने परत रक्त दिलं, टीएसएच २.६, टी४ नॉर्मल. थायरॉइडला काहीच झालेलं नव्हतं. त्या पहिल्या रिपोर्टवर गोळ्या सुरू झाल्या असत्या तर एका निरोगी ग्रंथीला औषध देऊन दाबलं असतं, हा विचार करून मला अजूनही धडकी भरते. रक्त द्यायला जाताना कुठली गोळी, गमी, पावडर चालू आहे ते लॅबवाल्याला सांगा, हात जोडून सांगते.

त्याच आठवड्यात टीव्हीवर बुलढाण्याच्या बातम्या सुरू झाल्या, शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांना तीन-चार दिवसांत टक्कल पडतंय, आणि आमच्या घरात पुन्हा गोंधळ उडाला. आधी पाण्यावर संशय गेला, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची टीम आली, आणि फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम या खनिजाच्या जास्त प्रमाणाकडे बोट दाखवलं. भाचीच्या बाबांना वाटलं हे आपल्याकडेही आलं. पण चित्र बघा किती वेगळं, तिकडे एकेका घरातल्या अनेक जणांना, लहान मुलांनासुद्धा, डोक्याला खाज सुटून काही दिवसांत टक्कल, इकडे घरात एकटीला, खाज नाही, हळूहळू, सगळ्या डोक्यावर सारखं. डॉक्टरांनी मात्र खोक्यातल्या मल्टीव्हिटॅमिनचं लेबल कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं कारण त्यात सेलेनियम होतं आणि व्हिटॅमिन ए पण, आणि ही दोन्ही जास्त झाली तर केस गळतात. केसांसाठी म्हणून घेतलेल्या गोळ्यांनीच केस जाऊ शकतात हे लोकांना माहीत असायला हवं.

इलाज ऐकून घरचे जरा नाराजच झाले, इतका साधा होता. खोक्यातलं सगळं बंद. लोहाची गोळी, लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. अंडी, मासे, उसळी रोज. डोकं आठवड्यातून दोन-तीनदा साध्या शाम्पूने धुवा, न धुतल्याने केस वाचत नाहीत, ते साठून एकाच दिवशी निघतात. पाळीच्या जास्त रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. मिनॉक्सिडिल आत्ता नको, थोडेच दिवस लावलंय तर थांबवायला हरकत नाही, तापानंतरची गळती आपोआप थांबते आणि ते औषध एकदा खरंच लागलं तर बरीच वर्षं लावायचं असतं, बंद केल्यावर मिळवलेले केस काही महिन्यांत परत जातात. आणि एक अट घातली, बांबोळीला किंवा कुठेही जवळ एकदा समोरासमोर डर्मोस्कोपी (खास भिंगातून डोक्याची त्वचा आणि केस तपासणं) करून या, कारण वरून काढलेल्या फोटोत मधला भांग त्यांना थोडा रुंद वाटतोय आणि ते मोबाईलवर पक्कं सांगता येणार नाही. हे ऐकून माझा त्या डॉक्टरांवर विश्वास बसला. स्क्रीनवर काय दिसत नाही हे जो स्वतःहून सांगतो तो ऑनलाइन डॉक्टर चांगला, असं माझं मत झालंय.

काही गोष्टींत तर स्क्रीनवर वेळ घालवूच नये. डोक्याची त्वचा गुळगुळीत चमकायला लागली, केसांची छिद्रंच दिसेनाशी झाली, आग होतेय, पू येतोय, तर तो व्रण पाडणारा प्रकार असू शकतो आणि तिथे गेलेला केस परत येत नाही, त्यामुळे थेट स्किनच्या ओपीडीत जा. लहान मुलाच्या डोक्यावर खपलीचा ठिपका असेल तरी तसंच, बुरशी असते बऱ्याचदा.

तिच्या दादाचं पण विचारून घेतलं, वय २९, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे चाललेत, बाबांचं तसंच झालेलं. त्याची गोष्ट पूर्ण वेगळी, ती वाट बघून थांबणारी नाही. त्याला फिनास्टेराइडबद्दल सांगितलं गेलं, १९९७ पासून अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी मान्यता असलेली १ मिलिग्रॅमची गोळी, पण त्याआधी लैंगिक तक्रारी, मूड, नैराश्य हे सगळं मोकळेपणाने विचारून घेतलं, गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्तदान करायचं नाही हेही सांगितलं, आणि घरात गरोदर बाई असेल तर फुटलेल्या गोळीला तिचा हात लागता कामा नये हेही. तो अजून विचार करतोय, घाई नाही. एकाच घरातली दोन भावंडं, दोघांचे केस गळतायत, आणि दोघांना एकच खोकं विकता येतं ही गोष्ट मला खरंच खटकते.

पुढे काय झालं तर बांबोळीच्या डर्मोस्कोपीत तापानंतरची गळती हेच आलं, पण भांगाजवळ काही केस शेजारच्या केसांपेक्षा बारीक दिसले, म्हणजे बायकांच्यात हळूहळू होत जाणाऱ्या विरळपणाची ही अगदी सुरुवात असू शकते किंवा नसूही शकते, गळती थांबल्याशिवाय कळणार नाही. मार्चपासून पुंजके कमी झाले. एप्रिलच्या फॉलोअपला आईने परत चार ठिकाणी ओढून बघितलं तेव्हा एक-दोनच आले, कपाळाशी बोटभर नवीन केस उभे राहिलेले, फेरिटिन ३४ वर. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे वेणीची जाडी टोकापर्यंत भरायला दोन-तीन वर्षं जातील, हे डॉक्टरांनी तिला सरळ सांगितलं आणि ते तिला पटलंय. कंपनीने उरलेल्या महिन्यांचे अर्धे पैसे परत केले, तेही बरेच ईमेल केल्यावर.

लोहाची गोळी अजून चालू आहे. पुढची भेट गणपती झाल्यावर ठरलीय, ती समोरासमोरच, भांगाजवळचे ते बारीक केस तेव्हाही तसेच दिसले तर मिनॉक्सिडिलचा विषय परत काढायचा, तोवर लावायचं नाही असं ठरलंय.